न गळणारा डबा

नंदुरबार स्टेशनावर सुरतेकडची गाडी यायला अजून वेळ होता, तरी माय बाकावर बसायला तयार नव्हती. दोन्ही हातांनी डबा धरून ती उभी होती. डब्यात घोटलेली उडदाची डाळ, आणि डब्याचं तोंड तिने कणकेने लिंपून बंद केलेलं. झाकणाभोवती कणकेची जाड वळी, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला गाठीवर गाठ. वेगळ्या फडक्यात दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, भाकरी. मी तेव्हा तेविशीचा, खिशात मैसूरच्या नोकरीचं पत्र, आणि आजूबाजूला माझ्याच वयाची चार शहाणी पोरं उभी. मी चिडलो. म्हटलं, एवढं लिंपून ठेवलंयस, मी हे गाडीत फोडू कशाने? माय म्हणाली, "किल्ली शे ना तुन्हाजोडे?"

आबा थोडे लांब उभे होते, खांबाला टेकून. लोणखेड्याहून शहादा, शहाद्याहून एस.टी.ने नंदुरबार, एवढ्या वाटेत ते एक शब्द बोलले नव्हते. गाडी दिसली तेव्हा जवळ आले आणि म्हणाले, "तठे जाईसन कोनासंगे भांडू नको." बाप लेकाला निरोप देताना काय काय सांगतो, आणि आमचे आबा हे सांगतात. पण माझा स्वभाव त्यांना माहीत होता. माय डबा माझ्या हातात देऊन माझ्या बॅगेशी काहीतरी खटपट करत राहिली. बाहेरच्या कप्प्याची चेन उघडली, बंद केली. "सांभाळजो," म्हणाली. "वाटमा खाई लेजो." मग गाडी हलली.

सुरतेला गाडी बदलली. पुढच्या गाडीत भूक लागली तेव्हा मी किल्लीने कणीक खरवडली. समोर राजस्थानातले एक काका बसले होते, ते सगळा कार्यक्रम बघत होते. झाकण निघालं. एवढ्या लिंपून बांधलेल्या त्या डब्यातून एक थेंब बाहेर आला नव्हता. पण भाकरी मोडून पहिला घास घेतला आणि मला कळलं की काहीतरी राहिलंय. डाळीवर तेल नव्हतं.

आमच्याकडचे असाल तर वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या खान्देशात उडदाच्या डाळीवर, खिचडीवर कच्चं शेंगदाण्याचं तेल ओततात. फोडणी वेगळी, हे वेगळं. ताट समोर येतं ते तेल घेऊनच येतं. तेलाशिवाय ती डाळ नुसती घशात अडकते. मी घास गिळला आणि मनात म्हटलं, माय तेल विसरली. जी बाई आयुष्यात मीठ विसरली नाही, ती आज तेल विसरली. म्हणजे लेक चालला म्हणून ती किती हलली असेल बघा. एवढा वेळ कोरडा राहिलेला मी तिथे, त्या काकांसमोर, भाकरी हातात धरून रडलो. काकांनी त्यांचं लोणचं पुढे केलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याचे आभार मी अजून मानतो.

ही गोष्ट मी पुढे कितीदा सांगितली. लग्न झाल्यावर सुनीताला सांगितली, मित्रांना सांगितली. माझ्या आईचं माझ्यावर किती प्रेम, तर त्या दिवशी ती तेल विसरली. सुनीता नगरकडची, तिच्या माहेरी डाळीवर कच्चं तेल ओतत नाहीत. ती म्हणायची, "तेल विसरण्यात एवढं रडण्यासारखं काय आहे?" मी म्हणायचो, तुला नाही कळायचं.

मैसूरने मला सांभाळून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. आलो तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. खोली दिली त्या घरमालकीणबाई रोज दारातून विचारायच्या, "ऊटा आय्ता?" मला वाटायचं, भाड्याचं विचारतात. पंधरवड्याने कळलं की त्या जेवलास का म्हणून विचारत होत्या. टायरच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट, ऑइल सील, दिवसभर हेच. कुठे गळतंय ते शोधायचं आणि थांबवायचं, ह्याचा मला पगार मिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझीच शोभा होणार आहे.

आबांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण भांडलोच. रिक्षावाल्यांशी, गॅसवाल्याशी, पाण्याच्या टाकीवरून वरच्या मजल्याशी. पण इथली माणसं भांडण लांबवत नाहीत. "परवागिल्ला" म्हणतात, म्हणजे असू दे, आणि जातात चहा प्यायला. तिथे माझा राग एकटाच उभा राहतो. हळूहळू तोही बसायला शिकला.

आता मीनूचं सांगतो. मीनू माझी मुलगी, दुसरीत आहे. मैसूरातच जन्मली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेली की कन्नड. लोणखेड्याला आम्ही जायचो ते दिवाळीत चार दिवस. मागच्या उन्हाळ्यात मात्र सुनीताला रजा मिळेना, ती नर्स आहे, आणि मीनू सगळी सुट्टी मायजवळ राहिली. परत आणायला गेलो तर पोरगी ओळखू येईना. काळी झालेली, हाताला गोठ्याचा वास, आणि तोंडात अहिराणी. मला म्हणाली, "पप्पा, तू कव्हय उना?" म्हणजे, कधी आलास? मी इकडे तिकडे बघितलं की हे कोण बोललं.

शाळा सुरू झाली आणि डबा भरलेला परत यायला लागला. लेमन राइस तसाच, उपमा तसाच, चपातीची गुंडाळी तशीच. आधी हेच सगळं ती खायची. आता म्हणायची, कोरडं आहे. सकाळी साडेसहाला सुनीता ड्यूटीवर जाते, डबा माझ्याकडे असतो, त्यामुळे अपमानही माझाच. रविवारी मी उडदाची डाळ घोटली की हीच पोरगी दोन वेळा भाकरी मागून घ्यायची. इतर दिवशी दुपारभर उपाशी. वर्गात डोकं टेकून बसते, असं मिसनी सांगितलं. गणवेशाचा कमरपट्टा एक भोक आत गेला. सुनीताने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "हिला जे खायचंय ते दे, पण दे."

मग दिली डाळ. वर तेलाची चांगली धार. त्याच दिवशी डबा गळला. नुसता मीनूच्या दप्तरात नव्हे, वर्गात शेजारी बसणाऱ्या चैत्राच्याही. दोघींची दप्तरं एकाच बाकाखाली एकावर एक. चैत्राची चित्रकलेची वही तेलाने अशी झाली की हत्तीच्या पानातून मागचा मोर दिसायला लागला. मी संध्याकाळी चैत्राच्या आईकडे, शोभक्कांकडे, नवी वही घेऊन माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, परवागिल्ला, आणि मला कॉफी दिली. पण शाळेत मिसनी सांगितलं की ओलं, तेलकट पाठवू नका, फक्त कोरडा खाऊ. मी तिथेही थोडा आवाज चढवलाच. मिस शांतपणे म्हणाल्या, "खरोखर न गळणारा डबा मिळाला तर एकदा पाठवून बघा. पुन्हा गळलं तर मात्र कोरडंच." म्हणजे एक संधी. ती गेली की पोरगी वर्षभर लेमन राइसकडे बघत बसणार.

आता न गळणारा डबा शोधणं म्हणजे काय, हे ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनाच कळेल. दुकानात प्रत्येक डबा न गळणाराच असतो. पहिल्या दुकानात चार कड्यांचा प्लॅस्टिकचा डबा दाखवला. झाकणाला रबराची रिंग, चारही बाजूंनी खटाखट बसतो. मी म्हटलं, पाणी भरून उलटा करा. दुकानदाराने केला, थेंब नाही. पण त्या कड्या मलाच अंगठा लावून उघडाव्या लागल्या, सात वर्षांच्या पोरीने काय दाताने उघडायच्या? दुसऱ्या दुकानात झाकणावर बटण असलेला, हवा काढून घट्ट बसणारा. तो गरम डाळीने फुगतो आणि बटण आपोआप उडतं. स्टीलचा फिरकीच्या झाकणाचा डबा चांगला, पण आटे तिरके बसले की सगळं व्यर्थ, आणि मुलं ते तिरकेच बसवतात. दुकानदाराला मी हे सगळं समजावून सांगत होतो. तो म्हणाला, "सर, तुम्ही डबा घेताय की बॉयलर?" मी काउंटरवरचा डबा उचलून त्याला वायसर कसा असावा ह्यावर भाषण दिलं. रिंग निघायला हवी, नाहीतर तिच्याखाली डाळ साचून वास मारते. परत जागेवर बसवताना पीळ पडायला नको. कड्या दोनच हव्यात आणि पोरीच्या बोटांना उघडायला हव्यात. गर्दी जमली. एक आजीबाई मान डोलवत होत्या. शेवटी तसा एक डबा निघाला, आणि दुकानदाराने तो मला फुकटच दिला असता, एवढा तो कंटाळला होता.

घरी आणून पाण्याची टेस्ट घेतली. पाणी भरून उलटा ठेवला, दप्तरात टाकून मीनूला जिन्यावरून पळायला लावलं. ती खूश, मी खूश. दप्तर कोरडं ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ भरली, तेल ओतलं, झाकण लावलं, दप्तर खुंटीला टांगलं आणि आंघोळीला गेलो. परत आलो तर दप्तराच्या तळाला बोटभर तेलाचा डाग. शाळेत गेला असता तर संधी तिथेच संपली होती. मीनूला ब्रेड-जाम देऊन पाठवलं आणि मी त्या डब्याशी एकट्याने भांडलो. रिंग काढली, धुतली, बसवली. पाणी भरलं, थेंब नाही. पुढच्या दिवशी डाळ भरली, पुन्हा डाग. नवी रिंग आणली. कारखान्यातून सिलिकॉनचा तुकडा आणून दुसरी रिंग कापली. पाण्याला पास, डाळीला नापास. मीनू दारात बूट घालून उभी राहायची, आधी दप्तराचा तळ बघायची, मग माझ्याकडे, आणि ब्रेड उचलायची. ते बघणं मला फार लागायचं.

एका सकाळी मी असाच तेलाची बरणी डब्यावर तिरपी धरलेली, आणि मीनू स्टुलावर बसून बघत होती. ती म्हणाली, "पप्पा, तू आत्ताच का ओततोस? आजी तर ताटात ओतते."

मी म्हटलं, "आजी पण आधीच टाकते."

"नाही. मी असते ना चुलीपाशी. डाळ पातेल्यात नुसतीच असते. आजी ताटात वाढते आणि मग ओतते. शेतात नेते तेव्हा पण तेल वेगळं नेते, बाटलीत. नाहीतर सगळं फडकं भिजतं, असं म्हणते."

मी बरणी खाली ठेवली. वीस वर्षं मी त्या घरात जेवलो, पण बाहेरच्या ओट्यावर बसून. ताट आतून यायचं ते तेलासकट. माय पुन्हा बाहेर येऊन वरून आणखी धार धरायची, "आखो ले" म्हणायची, ती मला आग्रहाची वाटायची. पहिली धार कधी पडते, हे आत जाऊन बघायची आम्हा पोरांना कधी गरजच पडली नाही. आणि दुसरी शोभा अशी की कारखान्यात तेलाची लाइन आम्ही पाण्याच्या टेस्टवर कधीच पास करत नाही. पाणी जिथे अडतं तिथून तेल सरळ निघून जातं, हे मी शिकाऊ पोरांना शिकवतो. घरी मात्र पाणी भरून नाचत होतो.

त्या दिवशी डब्यात नुसती डाळ भरली. गार झाल्यावर ती इतकी घट्ट होते की डबा उलटा केला तरी हलत नाही. तेल कशात द्यायचं, हा प्रश्न आला. मीनूने औषधांच्या खणातून तिच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी काढली, प्लॅस्टिकची, पेचाच्या झाकणाची, आत बूच असलेली. गरम पाण्याने दोनदा धुतली. तेल भरून कागदावर आडवी ठेवली, कपडे घालून येईपर्यंत कागद कोरडा. दप्तर खांद्याला लावून मीनू गेली.

मी कामावर होतो पण जीव शाळेत. दुपारी फोन वाजला की आधी शाळेचा नंबर आहे का ते बघत होतो. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी शोभक्का उभ्या होत्या आणि माझ्याकडेच येत होत्या. मी मनात नवीन वहीचा हिशेब सुरू केला. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणती एण्णे वापरता?" एण्णे म्हणजे तेल. मी म्हटलं, सांडलं का? त्या हसायलाच लागल्या. सांडलं नव्हतं. मीनूने डबा उघडला, डाळीवर तेल ओतलं, आणि मग बाकावर उभी राहून चैत्राच्या लेमन राइसवर पण धार धरली. चैत्रा म्हणाली, साकु, पुरे. आमची पोरगी म्हणाली, "आखो ले, आखो ले, इन्नू स्वल्प," म्हणजे अजून थोडं, आणि पुढच्या बाकावर गेली. मिस बघत होत्या. त्यांनीही हात पुढे केला म्हणे.

मीनूचा डबा रिकामा होता. चाटून पुसून रिकामा. तो हातात धरून मी फाटकाशी तसाच उभा राहिलो आणि मला फार बरं वाटलं.

रविवारी मायला व्हिडिओ कॉल लावला. मीनूने सगळी गोष्ट सांगितली, अर्धी अहिराणीत, अर्धी कन्नडमध्ये, आणि मायला सगळी कळली. मीनूने शिशी कॅमेऱ्यासमोर धरली. माय म्हणाली, "आशीच शिशी मी तुन्हा पप्पाले दिन्ही व्हती. मैसूरले निंघना तवय."

मी विचारलं, कोणती शिशी?

"बॅगना बाहेरना कप्पामा ठेवी ना मी. डाळवर टाकाले तेल."

आणि मला ती शिशी आठवली. मैसूरला खोलीवर बॅग उघडली तेव्हा बाहेरच्या कप्प्यात कंगवा, साबण आणि त्यांच्याजवळ खोकल्याच्या औषधाची शिशी, आत पिवळं तेल. मी समजलो, मायने डोक्याला लावायला तेल दिलंय. पुरवून पुरवून लावलं. नव्या नोकरीवर पहिला आठवडा माझ्या डोक्याला शेंगदाण्याचा वास येत होता, आणि कोणी शेजारी बसत नव्हतं. मी समजायचो, मी परका आहे म्हणून.

मी मायला हे सांगितलं. "ते तेल तू डोकाले लावं?" म्हणाली, आणि मग फोन हलायला लागला, कारण ती हसत होती. आबांना हाक मारून तिने ते सांगितलं. आबाही हसले, आणि त्यांना हसताना मी फार वर्षांनी बघितलं. सुनीता माझ्या मागे उभी राहून पदराने डोळे पुसत होती, तेही हसूनच.

मी म्हटलं, "माय, मी आजपर्यंत समजत होतो, तू त्या दिवशी तेल विसरलीस."

ती हसायची थांबली. "मी तेल इसरी जासू का?" म्हणाली. "तठे ताटमा वताले मी नही ना. म्हनीसन शिशी दिन्ही. आते तूच वतजो, आशे."

इतकी वर्षं मी तिच्या एका विसरण्यावर प्रेम करत होतो, आणि ती काही विसरलीच नव्हती. मी जाणार म्हणून ती हलली असेल, रडलीही असेल, पण तिने त्या आधी बसून विचार केला होता की परमुलखात ह्याला वाढणार कोण. आणि तिने ठरवलं होतं की हाच वाढील. शिशी माझ्याजवळ होती. मी ती डोक्याला लावून मोकळा झालो. माझी पोरगी तेवढ्यासाठी थांबली नाही. तिने एक उन्हाळा चुलीपाशी बसून ते बघितलं, आणि परक्या गावातल्या वर्गात उठून वाढायला लागली.

गावाकडची मंडळी मला अजून विचारतात, घरी कधी येतोस? इथले विचारतात, सुट्टीत घरी जाणार का? पूर्वी ह्या प्रश्नाने मी कानकोंडा व्हायचो. आता होत नाही. लोणखेड्याला माय ताटावर तेल धरते ते माझं घर. मैसूरच्या त्या बाकावर मीनू धरते तेही माझंच. मला दोन्हीकडे आणखी घे म्हणणारं माणूस आहे. एवढं ज्याला मिळालं त्याने देवाकडे अजून काय मागायचं?

आज सकाळी शिशी भरत होतो. थोडी रिकामी ठेवून झाकण लावायला गेलो तर मीनू म्हणाली, "पप्पा, काठोकाठ भर. आज मिस भाताचा डबा आणणार आहेत."

मी काठोकाठ भरली. थोडं तेल बोटांवर आलं, ते मी डोक्याला पुसलं.